मुंबईची नाट्यगृहे आणि आपण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. विक्रोळीच्या आमच्या वस्तीतील बुद्धविहारात मुलांचा रविवारचा वर्ग चालू होता. वंदना झाली, पंचशील झाले, पाढे म्हणून झाले. वर्ग सुटता सुटता आम्ही मुलांना सांगितले, "पुढच्या महिन्यात आपण दादरला शिवाजी मंदिरात नाटक पाहायला जायचे." मुले टाळ्या वाजवतील अशी आमची अपेक्षा होती. पण पाचवीतला एक चुणचुणीत मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आपण तर मंदिरात जात नाही ना? मग शिवाजी मंदिरात कसं जायचं?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण मुलाचे काय चुकले? घरी बावीस प्रतिज्ञा ऐकत वाढलेले पोर ते. आम्ही त्याला समजावले की येथे मंदिर म्हणजे देऊळ नव्हे. ते नाटकाचे घर आहे आणि ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते रयतेचे राजे आहेत. त्यांचा पोवाडा महात्मा जोतिबा फुल्यांनी १८६९ मध्ये लिहिला. मुलाचे समाधान झाले. मात्र त्याच्या आईचे झाले नाही. ती बाई रोज दादरला घरकामाला जाते. ती हळूच म्हणाली, "भाऊ, देऊळ नसू दे. पण तिथं आपल्यासारख्यांना नीट वागवतात का? पंधरा वर्षं मी त्या बोर्डाखालून जाते. वर जिना चढायचं कधी धाडस झालं नाही."

हसू तेथेच थांबले. तिकिटाला पैसे नसतात हे खरे, पण तिने पैशाची गोष्ट काढली नव्हती. तिने जिन्याची गोष्ट काढली होती. चवदार तळ्याचे पाणी आणि काळाराम मंदिराचा दरवाजा यांसाठी ज्या समाजाने मार खाल्ला, त्या समाजातल्या एका कष्टकरी भगिनीला आपल्याच शहरातला एक जिना परका वाटतो. तो परकेपणा थोडा तरी जावा म्हणून, मुंबई आणि आसपासच्या नाट्यगृहांची ही ओळख आम्ही वाचक बंधू-भगिनींसाठी लिहीत आहोत.

रंगभूमी आपल्याला नवी नाही

प्रथम एक गैरसमज दूर करू. नाटक हे पांढरपेशांचे, आपले काय ते भजन-कव्वाली, असे आपल्यातलेच काही लोक म्हणतात. इतिहास तसा नाही. जोतिबा फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ मध्ये लिहिले. भोळ्या शेतकरी जोडप्याला भिक्षुक कसा लुबाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. छापून यायला त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली. म्हणजे आपला नाटककार पहिल्या पिढीतच होता, रंगमंच मात्र त्याला मिळाला नाही.

तमाशाचे तर विचारूच नका. ढोलकी, तुणतुणे, गळा आणि पाय बहुतेक आपल्याच लोकांचे. शिट्या मारणारे आणि दौलतजादा करणारे दुसरे. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या भागाला लोक आजही 'पिला हाऊस' म्हणतात. तो 'प्ले हाऊस' या शब्दाचा अपभ्रंश. तेथील थिएटरांत एके काळी तमाशाचे फड गाजत. पठ्ठे बापूराव आणि पवळा हिवरगावकरीण यांच्या नावावर गर्दी लोटे. पवळा आपल्या समाजाची, बापूराव ब्राह्मण. महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ, असे सांगायला बापूराव बाबासाहेबांच्या कचेरीत गेले. आपल्या भगिनींना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी हकीकत चरित्रांतून सांगितली जाते. चळवळीला पै-पैची गरज असतानाची ही गोष्ट आहे.

याचा अर्थ बाबासाहेबांना कलेचे वावडे होते असा मात्र नाही. १९३० च्या सुमारास नाशिककडच्या भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा घेतला, पण आतला माल बदलला. गवळण काढली, अचकट-विचकट विनोद काढला आणि त्या जागी शिक्षण, दारूबंदी, सावकाराचा विळखा, मेलेले ढोर न ओढणे हे विषय आणले. आपल्या अनेक सभांचे काम एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार जुनी मंडळी अभिमानाने सांगत. एका रंगमंचाला नकार आणि दुसऱ्याला शाबासकी, या दोन्ही गोष्टींत एकच न्याय होता. कोणत्याही नाट्यगृहाची पायरी चढताना आपण तो न्याय सोबत न्यावा.

परळ: सुरुवात येथून करा

मुंबईची नाट्यगृहे पाहायची तर सुरुवात परळपासून करावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर दामोदर हॉल आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू. याच हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची कचेरीही येथेच होती. म्हणजे ज्या वास्तूत गिरणगावाने नाटके पाहिली, त्याच वास्तूत आपल्या चळवळीच्या पहिल्या संस्थेचा कागद लिहिला गेला.

दामोदर हे कामगार रंगभूमीचे माहेरघर. दिवसपाळी करून आलेला साचेवाला रात्री येथे राजा होई, बॉबिन भरणारा खलनायक होई. कोकणच्या मंडळींचे नमन-खेळे, दशावतार येथे रात्र रात्र चालत. १९८२ च्या संपाने गिरण्यांची कंबर मोडली, तरी दामोदरचा पडदा पुढे कित्येक वर्षे वर जात राहिला. २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी नाट्यगृह बंद झाले, तेव्हा नाट्यगृहाच्या जागी नाट्यगृहच उभे राहिले पाहिजे, असा आवाज रंगकर्मींनी उठवला. त्या आवाजात आपलाही आवाज मिसळायला हवा, कारण त्या वास्तूवर आपल्या इतिहासाचाही हक्क आहे.

येथवर आलात तर पोयबावाडीतील बी.आय.टी. चाळ पाहिल्याशिवाय परतू नका. दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे काढली. चाळीतून दामोदर हॉलकडे ते कसे जात असतील, हे मुलांना चालत चालत दाखवावे. तो धडा पुस्तकात मिळत नाही.

जवळच लालबागला हनुमान थिएटर होते. मधुकर नेराळे यांनी ते मोठ्या निष्ठेने चालवले. गिरणी कामगारांच्या पगाराच्या दिवशी तेथे तमाशाला पाय ठेवायला जागा नसे. गिरण्या थंडावल्या तसा प्रेक्षक आटला आणि १९९० च्या दशकात ते बंद पडले. गिरणीचा भोंगा आणि ढोलकी एकाच वेळी गप्प झाली, असे म्हणायला हरकत नाही.

दादर, प्रभादेवी, माटुंगा: नाटकांचे नाके

आता दादर. पश्चिमेला उतरून न. चिं. केळकर मार्गाने प्लाझा सिनेमाकडे चालत निघालात की समोर शिवाजी मंदिर. १९६५ मध्ये हे नाट्यगृह सुरू झाले. खाली दुकाने, वर नाट्यगृह, म्हणून तो जिना. व्यावसायिक मराठी नाटकाची ही मोठी पेठ. शनिवार-रविवारी एकाच दिवशी वेगवेगळ्या नाटकांचे दोन-तीन प्रयोग होतात. बाहेरच्या फलकावर पुढच्या प्रयोगांची यादी असते. ती उभ्या उभ्या वाचायला पैसे पडत नाहीत.

प्रभादेवीला सयानी मार्गावर रवींद्र नाट्य मंदिर आहे. तेथेही 'मंदिर' शब्दाला घाबरू नये. ते रवींद्रनाथ टागोरांच्या नावाचे आहे. राज्य सरकारच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीची ही वास्तू नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा खुली झाली. मोठ्या नाट्यगृहाबरोबर लहान मिनी थिएटरही आहे. आपल्या पथनाट्यवाल्या मुलांनी आणि एकांकिका करणाऱ्या कॉलेजच्या गटांनी लहान सभागृहाची चौकशी जरूर करावी. माटुंगा रोड स्टेशनजवळ अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे यशवंत नाट्य मंदिर आहे.

दादरलाच छबिलदास शाळेचा हॉल आहे. १९७४ पासून पुढे दीड-दोन दशके येथे प्रायोगिक नाटकांची चळवळ रंगली. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार' संस्थेने शाळेच्या साध्या हॉलचे थिएटर केले. मखमली पडदा नाही, मोठे रंगमंच नाही, तरी त्या हॉलने मराठी नाटकाला वळण लावले. आमच्या मते आपल्या तरुणांनी घ्यायचा धडा हाच आहे. विहाराचा हॉल, शाळेचा वर्ग, चाळीची गच्ची, कोठेही नाटक उभे राहते.

पूर्वेला नायगावचे नाव घेतल्याशिवाय दादर पूर्ण होत नाही. ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबई इलाखा महार परिषद येथे भरली आणि धर्मांतराची दिशा बाबासाहेबांनी तेथे समजावून सांगितली. दादरचे आंबेडकर भवन जून २०१६ मध्ये पाडले गेले, तेव्हा १९ जुलैच्या मोर्चाला पावसात लोटलेला जनसमुदाय आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्या मोर्चातही शाहीर होते, डफ होते. वास्तू पाडता येते, गाणे पाडता येत नाही, हे त्या दिवशी दिसले.

गिरगावापासून नरिमन पॉइंटपर्यंत

चर्नी रोडला उतरून गिरगावात गेलात की केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह लागते. संघाची स्थापना १९३५ ची. डॉ. अ. ना. भालेराव यांनी मराठी नाटकाला पडत्या काळात येथे आधार दिला. चर्नी रोडहूनच जवळ रॉयल ऑपेरा हाऊस आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे ते सिनेमाघर झाले, १९९३ मध्ये बंद पडले आणि दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. आतले कोरीवकाम पाहण्यासारखे आहे, पण तिकिटे खिशाला जड. एखादा स्वस्त कार्यक्रम असेल तेव्हा जावे.

नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्राला लागून एन.सी.पी.ए. आहे. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. एकाच आवारात अनेक नाट्यगृहे आहेत. टाटा थिएटर अर्धगोल बांधणीचे असून तेथे बसल्या जागी आवाज स्वच्छ ऐकू येतो. एक्सपेरिमेंटल थिएटर लहान आहे, तेथे बसण्याची मांडणी प्रयोगानुसार बदलता येते. आवारातील गाड्या आणि कपडे पाहून आपला माणूस बुजतो. बुजू नये. स्वच्छ धुतलेला शर्ट, स्वच्छ साडी आणि हातात तिकीट, एवढे असले की आपण तेथील इतर कोणाइतकेच प्रेक्षक असतो.

वांद्रे-कुर्ला संकुलात ३१ मार्च २०२३ रोजी नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. त्यातील मोठे नाट्यगृह दोन हजार आसनांचे आहे. ते बाहेरून सर्वांनी पाहिले असेल. आतली तिकिटे बहुधा आपल्या महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा करतात, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

उपनगरातील नाट्यगृहे

जुहूचे पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ रोजी शशी कपूर आणि जेनिफर कपूर यांनी सुरू केले. दोनशेच्या आसपास प्रेक्षक मावतात आणि ते रंगमंचाच्या तीन बाजूंनी बसतात, त्यामुळे नटाच्या कपाळावरचा घामही दिसतो. येथे तिसऱ्या घंटेनंतर कोणालाही आत सोडत नाहीत. मोटारवाला उशिरा आला तर बाहेर आणि बसने वेळेवर आलेला आत. हा नियम आम्हाला फार आवडतो.

मुंबई महापालिकेची नाट्यगृहे ही तर आपल्या कराच्या पैशाची. विलेपार्ले पूर्वेला दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवली पश्चिमेला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, मुलुंड पश्चिमेला महाकवी कालिदास नाट्यगृह. भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात शाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. अण्णा भाऊ वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. १९४० च्या दशकात अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवले. 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. जो माणूस झोपडीत राहिला त्याचे नाव महापालिकेच्या नाट्यगृहावर आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

ठाण्याला तलावपाळीजवळ गडकरी रंगायतन, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आणि वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह. गोवंडी-मानखुर्दच्या बांधवांना हार्बर लाईनने वाशीच जवळ पडते. डोंबिवलीच्या नाट्यगृहाचे नाव आहे सावित्रीबाई फुले कलामंदिर. ज्या माऊलीवर शेण फेकले गेले, तिच्या नावाच्या इमारतीत आज लोक तिकीट काढून रांगेने आत जातात. सावित्रीबाईंवर सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून 'व्हय मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग गावोगाव केला. महिला मंडळांनी त्या प्रयोगाची माहिती मुलींना द्यावी.

जाण्यापूर्वी काही सूचना

नाट्यगृहे दुरुस्तीसाठी वरचेवर बंद असतात. म्हणून निघण्यापूर्वी वर्तमानपत्रातील जाहिरात पाहा किंवा दूरध्वनी करा. तिकीट खिडकीवर मिळते तसेच मोबाईलवरही मिळते, पण मोबाईलवर वरचा आकार लागतो. खिडकीवर आसनांचा नकाशा असतो. आपली आसने कोठे आहेत ते विचारून घ्यावे. विचारायला संकोच करू नये. बाल्कनीचे तिकीट सर्वांत स्वस्त असते आणि बहुतेक ठिकाणी तेथून चांगले दिसते.

तीन घंटा होतात. तिसरीच्या आत जागेवर बसावे. मोबाईल बंद ठेवावा. अगदी लहान मूल असेल तर कडेची जागा मागावी, म्हणजे रडले तर पटकन बाहेर नेता येते. खाण्याचा डबा आत उघडू नये, मध्यंतराला बाहेर खावा.

आता हिशेब. आम्ही कारकुनी करणारे, जमा-खर्च मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. त्या रविवारच्या सहलीला मोठी-लहान मिळून अकरा माणसे होती. बाल्कनीची अकरा तिकिटे दोनशे रुपयांप्रमाणे २२०० रुपये. रेल्वेचे जाण्यायेण्याचे भाडे माणशी वीस, म्हणजे २२०. मध्यंतरात वडापाव आणि चहा माणशी तीस, म्हणजे ३३०. एकूण २७५० रुपये, माणशी अडीचशे. महिन्याला माणशी पन्नास रुपये विहाराच्या डब्यात टाकले तर पाच महिन्यांत एक नाटक होते, वर्षात दोन नाटके होऊन वर शंभर रुपये उरतात. दारू आणि गुटखा यांत आपल्या वस्तीचा पैसा किती जातो, त्याचा हिशेब आम्ही येथे मांडत नाही. ज्याने त्याने आपल्या घरी मांडावा.

याहून स्वस्त मार्गही आहेत. राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेचे प्रयोग नाममात्र तिकिटात पाहता येतात. आणखी एक गोष्ट अनेक कामगारांना ठाऊक नसते. जून आणि डिसेंबरच्या पगारातून जो कामगार कल्याण निधी कापला जातो, त्यातून महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचे काम चालते. हे मंडळ कामगारांसाठी नाट्य स्पर्धा घेते. ज्यांचा निधी कापला जातो त्यांनी जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जाऊन चौकशी करावी. पैसे आपण भरलेच आहेत; आता रंगमंचावर उभे राहायचे तेवढे बाकी आहे.

हॉल भाड्याने घेताना

नाटक पाहणे ही एक गोष्ट, हॉल मिळवणे ही दुसरी. काही वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या जलशासाठी आम्ही एका सभागृहाच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो. अर्जावरचे मंडळाचे नाव वाचून तेथील गृहस्थ म्हणाले, "तुमच्या कार्यक्रमाला गर्दी फार होते. खुर्च्या मोडतात. मैदान बघा ना." तारीख मोकळी होती, हे समोरच्या नोंदवहीत आम्हाला उलटे वाचता येत होते. कारकुनाला कागद उलटा वाचायची सवय असते.

आम्ही भांडलो नाही. "नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्या," एवढेच म्हणालो. लेखी नकार कोणी देत नाही. तासाभराने अर्ज दाखल झाला. अनामत भरली. कार्यक्रमाला आमचे वीस स्वयंसेवक दारात उभे होते, जितक्या खुर्च्या तितकेच पास वाटले होते. जलसा संपल्यावर महिला मंडळाने हॉल झाडून काढला. दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थांसमोर खुर्च्या मोजून दिल्या आणि अनामतीची सर्व रक्कम पावतीसह परत घेतली. पुढच्या वर्षी त्यांनीच विचारले, "जयंतीची तारीख टाकायची का?" बांधवांनो, अर्ज, पावती आणि मोजलेल्या खुर्च्या ही आपली हत्यारे आहेत. ती बाबासाहेबांनीच आपल्या हाती दिली.

काय पाहावे

सगळीच नाटके पाहण्याजोगी नसतात. नवरा-बायकोच्या विनोदात हसून घ्यावे, त्यात गैर काही नाही. पण आपल्या जगण्याला हात घालणारी नाटके शोधावीत. प्रा. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' मिलिंद महाविद्यालयाच्या मुलांनी केले आणि १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी' या एकांकिकेत फक्त पाण्याचा प्रश्न आहे, आणि त्यात सगळे आले. त्यांचे 'किरवंत' डॉ. श्रीराम लागू यांनी रंगभूमीवर आणले. २०१९ मध्ये नागपूरच्या नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद गज्वी यांना मिळाले. दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा', संजय पवार यांचे 'कोण म्हणतं टक्का दिला?' ही नाटकेही तरुणांनी मिळवून वाचावीत. २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आले. जालन्याकडच्या शेतकरी-कलावंतांनी व्यावसायिक रंगभूमीवर ते चालवून दाखवले आणि शाहीर संभाजी भगतांचा आवाज त्यातून घुमला.

आणि एक रंगमंच असा आहे की त्याला भिंती नाहीत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात, शिवाजी पार्कवर जे लोक गातात, ते ऐकावे. वामनदादा कर्डक १९२२ मध्ये जन्मले, मुंबईत गिरणीत राबले, मोठेपणी अक्षरे शिकले आणि १९४३ पासून २००४ मध्ये जाईपर्यंत गाणी लिहीत राहिले. त्यांना कोणत्या नाट्यगृहाची गरज पडली नाही. विलास घोगरे यांनी मात्र १९९७ मध्ये रमाबाई नगरचा गोळीबार झाल्यावर चार दिवसांनी आपले जीवन संपवले. आपल्या शाहिरांना आपण जिवंतपणी काय दिले, हा प्रश्न त्या मृत्यूने विचारला आहे. तिकीट काढून आपला कलावंत ऐकणे हे त्याचे छोटेसे उत्तर आहे.

पुन्हा तो जिना

तर आम्ही अकरा जण गेलो. ती भगिनी जिन्याच्या पहिल्या पायरीशी क्षणभर थांबली. मग मुलाने तिचा हात ओढला आणि ती चढली. दारावरच्या माणसाने तिकीट फाडले, बॅटरीने जागा दाखवली, दुसरे काहीही झाले नाही. पहिला अंक ती पिशवी मांडीवर धरून खुर्चीच्या टोकावर बसली होती. दुसऱ्या अंकात पिशवी खाली ठेवली आणि पाठ टेकली.

परतीच्या गाडीत मुलाने विचारले, "काका, पडदा कोण ओढतं? त्याला पगार असतो का?" असतो, म्हटले. "मग नाटक लिहिणाऱ्याला?" त्यालाही मानधन असते, म्हटले. तो गप्प बसून विचार करू लागला. येत्या बुद्धपौर्णिमेला विहारात मुलांचे नाटक आहे. लिहायला त्यानेच घेतले आहे. विषय अजून आम्हाला सांगत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!